पेशंट घरी गेल्यावर: वॉर्डातली खोली पुढच्या पेशंटसाठी कशी तयार करावी

सकाळी अकराची वेळ. खोली क्रमांक ४ मधले आजोबा डिस्चार्ज कार्ड घेऊन बिलाच्या खिडकीपाशी उभे असतात आणि त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट स्ट्रेचरवर असतो. फोन वाजतो, “सिस्टर, बेड तयार आहे का?” मावशी चादर ओढतात, गादीवरून ओला फडका फिरवतात, फरशीवर फिनाईलचा पोछा मारतात, नवी चादर घालतात. दहा मिनिटांत बेड तयार.

मी स्टाफ नर्स म्हणून लागले तेव्हा अशी दहा मिनिटांची खोली मीही अनेकदा ‘तयार’ म्हणून सांगितली आहे. मग एका नर्सिंग होममध्ये एकाच बेडवर लागोपाठ आलेल्या दोन पेशंटच्या टाक्यांत पू झाला. दोघांच्या तपासणीत एकच जंतू निघाला, आणि तीच तीच अँटिबायोटिक्स त्याला लागू पडत नव्हती. आम्ही तो बेड उघडून बघितला. गादीचं रेक्झिन शिवणीपाशी बोटभर फाटलेलं होतं आणि आतला फोम ओलसर, पिवळट झाला होता. वरून किती फडके मारले असतील, आत काहीच पोचलं नव्हतं. त्या दिवसापासून या कामाकडे मी ‘झाडलोट’ म्हणून बघितलेलं नाही. पेशंटला औषध द्यावं तसंच हे काम आहे. त्यालाही मात्रा, क्रम आणि वेळ असतो.

हा लेख छोट्या नर्सिंग होमच्या, ग्रामीण रुग्णालयाच्या सिस्टरांसाठी, मावशी-मामांसाठी आणि त्यांना सामान पुरवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत यासाठी वेगळा विभाग असतो. आपल्याकडे दोन मावशी असतात आणि वीस बेड.

आधी हे लक्षात घ्या

जंतू पेशंटबरोबर घरी जात नाहीत. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत तग धरतो. आयसीयूत छळणारा ॲसिनेटोबॅक्टरसुद्धा महिनोन्‌महिने राहू शकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस जिवंत असतो. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलेची बीजं (स्पोअर, म्हणजे जंतूचं टणक कवचातलं रूप) तर पाच महिन्यांनंतरही सापडलेली आहेत. म्हणजे नवा पेशंट ज्या रेलिंगला धरून उठून बसणार आहे, तिथे आधीच्या पेशंटचे जंतू असू शकतात. ते हातावर येतात, हात सलाईनच्या सुईपाशी जातो, जखमेपाशी जातो, तोंडापाशी जातो. सिस्टरचे हात तर एका बेडवरून दुसऱ्या बेडवर फिरतच असतात.

दुसरी गोष्ट, जंतुनाशक औषध घाणीवर काम करत नाही. रक्त, पू, थुंकी, तेलकटपणा, धूळ यांत क्लोरीन आधीच खर्च होऊन जातं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने घासून पुसायचं, मग जंतुनाशक लावायचं. ही दोन कामं आहेत. ती एका फडक्यात उरकली तर दोन्ही अर्धवट होतात.

तिसरी गोष्ट, जंतुनाशक लावलेला भाग ठरावीक वेळ ओला राहिला पाहिजे. ०.१% हायपोसाठी (हे क्लोरीनचं जंतुनाशक, त्याचं गणित पुढे आहे) आम्ही १० मिनिटं धरतो. पंख्याखाली तीन मिनिटांत वाळलं तर ते काम झालं असं समजू नये, पुन्हा ओलं करावं. पंखा बंद ठेवूनच ही दहा मिनिटं काढणं सोपं जातं.

हायपोचं गणित

सोडियम हायपोक्लोराईट, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत ‘हायपो’, हेच बहुतेक ठिकाणचं मुख्य औषध. स्वस्त आहे आणि योग्य प्रमाणात वापरलं तर जीवाणू, विषाणू, बुरशी, अगदी बीजंसुद्धा मारतं. पण बहुतेक चुका इथेच होतात, कारण ‘एक टोपण बादलीत’ हे माप कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं आणि तेच चालू राहतं. कॅन मात्र कधी ५ टक्क्यांचा येतो, कधी १० टक्क्यांचा. कॅन बदलला की टोपणाचं माप चुकलंच.

हिशोब असा. कॅनवरची टक्केवारी भागिले आपल्याला हवी ती टक्केवारी, त्यातून एक वजा. जे उत्तर येईल तितके भाग पाणी, एका भाग हायपोला. ५ टक्क्यांच्या कॅनपासून ०.१% करायचं तर ५ भागिले ०.१ म्हणजे ५०, वजा १ म्हणजे ४९ भाग पाणी. हे भिंतीवर असं लिहून लावा:

रोजच्या पृष्ठभागांसाठी ०.१%, ५ लिटर बादली: ५% चा कॅन असेल तर १०० मिली हायपो आणि ४.९ लिटर पाणी. १०% चा असेल तर ५० मिली हायपो आणि ४.९५ लिटर पाणी.

जुलाबाच्या संसर्गजन्य पेशंटच्या खोलीसाठी ०.५%, ५ लिटर: ५% चा असेल तर ५०० मिली हायपो आणि साडेचार लिटर पाणी. १०% चा असेल तर २५० मिली हायपो आणि पावणेपाच लिटर पाणी.

रक्त सांडल्यास १%, १ लिटर: ५% चा असेल तर २०० मिली हायपो आणि ८०० मिली पाणी. १०% चा असेल तर १०० मिली हायपो आणि ९०० मिली पाणी.

कॅन मिळालाच नाही तर ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चालते. चांगल्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. १ लिटर पाण्याला साधारण ३३ ग्रॅम घातली की १% द्रावण होतं. ढवळून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. डबा उघडा राहिलेली, ओल लागून गोळे झालेली पावडर मात्र नको. तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं.

द्रावण रोज ताजं करायचं, शक्यतो दर पाळीला. ऊन आणि उष्णता हायपोचे शत्रू आहेत. कॅन गच्चीच्या जिन्यात ठेवायचा नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. तयार द्रावणाच्या भांड्यावर टक्केवारी, तारीख, वेळ आणि करणाऱ्याचं नाव लिहा. उरलेल्या द्रावणात नवीन ओतून ‘भर’ घालू नका. आज केलेलं आजच संपवायचं किंवा टाकून द्यायचं. पडून राहिलेल्या पातळ जंतुनाशकातच जंतू वाढल्याची उदाहरणं आहेत. क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात. आठवड्यातून एकदा द्रावण तपासलं तर कॅन जुना झालाय का ते कळतं.

आणि हे लाल अक्षरात लिहा. हायपोमध्ये टॉयलेट धुण्याचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही. लघवीच्या थारोळ्यावर थेट हायपो ओतायचा नाही. आधी कागदाने टिपून घ्यायची, मग जागा पुसायची.

फिनाईलबद्दल एक वाक्य. त्याच्या वासाने नातेवाइकांना दवाखाना स्वच्छ वाटतो, पण पेशंटच्या बेडसाठी त्यावर विसंबू नका. नवजात बाळांच्या खोलीत तर फिनॉल वर्गातली जंतुनाशकं वापरायचीच नाहीत. त्यांनी बाळांमध्ये कावीळ वाढल्याचं दिसलेलं आहे.

खोलीत जाण्याआधी

मावशींनी जाड रबरी हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, मास्क आणि बंद बूट घालावेत. हायपो ओतताना डोळ्यांवर चष्मा हवा. तपासणीचे पातळ हातमोजे या कामाला नाहीत. ते फाटतात आणि सुई आरपार जाते. मी इथे थोडी कडक बोलते, कारण हिपॅटायटिस बीची लस डॉक्टर-सिस्टरांना मिळते आणि मावशींना विसरलं जातं. ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस. ज्या हातांनी सगळ्यांचं रक्त पुसायचं, त्या हातांना ही लस आधी मिळायला हवी.

ट्रॉलीवर काय हवं? तीन बादल्या: साबणाचं पाणी, साधं पाणी, जंतुनाशक. पोछा साबणात बुडवून पुसायचं, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग जंतुनाशक घेऊन पुन्हा पुसायचं. एकाच बादलीतल्या काळ्या पाण्याने पाच खोल्या पुसल्या तर पहिल्या खोलीतली घाण पाचवीत पोचवली एवढंच होतं. शिवाय स्वच्छ, धुतलेल्या सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्यांचा गठ्ठा, कचऱ्याच्या पिशव्या आणि मापाचा मग. बाथरूमचे फडके वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे ते चुकूनही बेडपर्यंत येणार नाहीत.

झाडू खोलीत आणायचा नाही. कोरड्या झाडूने धूळ उडते आणि धुळीबरोबर जंतू पुन्हा बेडवर बसतात. ओल्या पोछ्यानेच कचरा गोळा करायचा.

बेड आणि खोली

सगळ्यात आधी खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद करा. मग कचरा. रक्त-पू लागलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, प्लास्टिकच्या बाटल्या लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या आणि व्हायल निळ्या खोक्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतली ही रंगांची विभागणी आता सगळ्यांना पाठ असते, पण उशीखाली विसरलेली सुई कुणाला पाठ नसते. म्हणून चादर ओढण्याआधी बेडवर नजर फिरवा. चादरीत हात घालून चाचपू नका.

चादर, उशीचा अभ्रा, ब्लँकेट न झटकता आतल्या बाजूला गुंडाळायचं आणि बेडपाशीच पिशवीत घालायचं. छातीशी धरून कॉरिडॉरमधून न्यायचं नाही.

आता पुसायला सुरुवात. नियम तीन. वरून खाली, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, आणि दारापासून सुरू करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत पुन्हा दारापाशी. असं फिरलं की काही सुटत नाही. फडक्याला दोन घड्या घाला, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की दुसरी. आठही संपल्या की फडका धुवायच्या पिशवीत, नवा घ्यायचा. मळलेला फडका पुन्हा जंतुनाशकाच्या बादलीत बुडवायचा नाही. ही एकच सवय बदलली तरी द्रावण दिवसभर चांगलं राहतं.

दाराची मूठ, दिव्यांची बटणं, पंख्याचा रेग्युलेटर. मग ऑक्सिजनचा फ्लोमीटर, सक्शनचं बटण. मग सलाईन स्टँड: हूकपासून खालच्या चाकांपर्यंत. मग बेडसाईड लॉकर, आतून आणि हँडलसकट. जेवणाचा टेबल, खालच्या बाजूनेही, कारण तो ओढताना बोटं तिथेच लागतात. कॉलबेल, तिची वायर. नातेवाइकाच्या खुर्चीचे हात. यांना ‘हाताळणीच्या जागा’ म्हणा आणि यादी करून ठेवा. फरशी दिसते म्हणून आपण तिच्यावर सगळा जोर लावतो, पण फरशीला कुणी हात लावत नाही. कॉलबेल पेशंट दिवसातून वीसदा दाबतो.

बेड शेवटच्या टप्प्यात. गादीची वरची बाजू, मग उलटून खालची, मग चारी कडा आणि शिवणी. इथेच थांबून बघा: रेक्झिनला चीर आहे का, शिवण उसवली आहे का, मध्ये डाग उमटला आहे का? असेल तर ती गादी वापरातून बाहेर. चिकटपट्टी लावून चालत नाही, पट्टीच्या कडेलाच घाण साचते. नवी गादी महाग वाटते तेव्हा एका चिघळलेल्या जखमेच्या अँटिबायोटिकचं बिल आठवा. मग बेडची चौकट, पाय, उंची कमी-जास्त करायची हँडल, आणि सगळ्यात शेवटी रेलिंग दोन्ही बाजूंनी.

हे सगळं आधी साबणाच्या पाण्याने, नंतर साध्या पाण्याने, मग ०.१% हायपोने. दहा मिनिटं ओलं. त्यानंतर धातूच्या वस्तू साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर हायपोने गंज चढतो. गंजलेला, रंग उडालेला स्टँड कितीही पुसला तरी खडबडीत राहतो आणि खडबडीत जागेत जंतू टिकतात. वर्षातून एकदा स्टँड आणि कॉट रंगवून घेणं हेही याच कामाचा भाग आहे.

मॉनिटर, इन्फ्यूजन पंप, पल्स ऑक्सिमीटर यांवर काही फवारायचं नाही. बंद करून, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने, बहुतेकदा ७०% अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने पुसायचं. बीपीचा पट्टा आणि स्टेथोस्कोप विसरू नका. अल्कोहोल छोट्या वस्तूंसाठीच. भिंती-फरशीला लावलं तर आगीचा धोका असतो.

फरशी आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे, इंग्रजी आठच्या आकारात पोछा फिरवत. बेडखालून पोछा गेलाच पाहिजे. त्यासाठी बेड सरकवा, चाकं त्यासाठीच असतात.

पडदे संसर्गजन्य पेशंटनंतर लगेच धुवायला जातात. एरवी ठरलेल्या तारखेला, आणि डाग दिसला तर त्याच दिवशी.

बाथरूम

बाथरूम नेहमी शेवटी. नळाची मूठ, फ्लशचं बटण, आतली कडी, धरून उठायचा दांडा या जागा आधी, मग बेसिन, मग कमोड किंवा भांडं, मग फरशी. ॲसिडचा क्लीनर वापरला असेल तर भरपूर पाण्याने धुऊन, जागा मोकळी करूनच हायपो. बेडपॅन आणि युरिन पॉट रिकामे करून, ब्रशने घासून, हायपोत बुडवून, उलटे ठेवून वाळवायचे.

बेसिनबद्दल माझं एक सांगणं आहे. हात धुवायच्या बेसिनमध्ये उरलेली सलाईन, चहा, दूध ओतू नका. त्यावर ड्रेनमधले स्यूडोमोनाससारखे जंतू पोसतात आणि नळाच्या धारेने त्यांचे शिंतोडे बाहेर उडतात. बेसिनशेजारच्या ओट्यावर इंजेक्शन भरणं तर बंदच करा.

रक्त सांडलं तर

डिस्चार्जची वाट बघायची नाही, लगेच. जागेभोवती कुणी येऊ नये म्हणून खूण करा. हातमोजे, एप्रन, चष्मा. काच किंवा सुई असेल तर चिमट्याने उचला, हाताने कधीच नाही. सांडलेल्यावर जुनी वर्तमानपत्रं किंवा टिश्यू पसरा आणि १% हायपो कडेकडून मध्याकडे ओता, म्हणजे रक्त पसरत नाही. २० मिनिटं ठेवा. कागद गोळा करून पिवळ्या पिशवीत टाका, जागा साबणाने पुसा, पुन्हा हायपोने पुसा. हे सगळं सामान एका डब्यात भरून प्रत्येक मजल्यावर ठेवलं तर ऐनवेळी धावाधाव होत नाही.

सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, तोंडात धरायची नाही. साबण-पाण्याने धुऊन लगेच ड्युटी डॉक्टरला सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालेलं सगळ्यात चांगलं, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ‘मॅडम ओरडतील’ म्हणून लपवलेलं मी पाहिलं आहे. ओरडणं बंद झालं की सांगणं सुरू होतं.

ज्या पेशंटनंतर जास्त काळजी हवी

क्षयाच्या पेशंटनंतर फडक्यापेक्षा हवा महत्त्वाची. क्षयाचे जंतू हवेत तरंगतात. खोलीची हवा तासाला ६ वेळा बदलत असेल तर ९९% तरंगते कण जायला ४६ मिनिटं लागतात, १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटं. आपल्याला नेमकं मोजता येत नाही, म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघडून, दार लावून खोली किमान तासभर रिकामी सोडा. त्याआधी आत जायचंच असेल तर एन-९५ मास्क. ऊन येणारी खोली क्षयाच्या पेशंटसाठी राखून ठेवणं ही जुनी, चांगली पद्धत आहे.

अँटिबायोटिकनंतरच्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलेच्या जुलाबात अल्कोहोलचा काही उपयोग नाही, हातालाही नाही. साबण-पाण्याने हात धुवायचे आणि खोलीला ०.५% हायपो. कँडिडा ऑरिस ही २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदली गेलेली बुरशी आता आपल्या आयसीयूंतही सापडते. तिच्यावर बेन्झाल्कोनियमसारखी ‘क्वाट’ वर्गातली औषधं भरवशाची नाहीत, क्लोरीनच वापरा.

फॉर्मलिनच्या धुराने खोली बंद करून ठेवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी चालू आहे. ती सोडून द्या. फॉर्मल्डिहाईड कर्करोग घडवतं हे २००४ मध्येच मान्य झालेलं आहे, आणि धूर घाणीच्या थराखाली पोचत नाही. फॉगिंगचंही तेच. यूव्ही दिवा घेतला असेल तर तो हाताने साफ केल्यानंतरचं जास्तीचं काम म्हणून लावा. त्याचा प्रकाश जिथे पडतो तिथेच तो चालतो, रेलिंगच्या सावलीत नाही.

फडके, पोछे आणि तपासणी

काम संपल्यावर पोछे साबणाने, गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचे. बादलीत ओला पोछा रात्रभर ठेवला तर सकाळी आपण जंतूच पसरवतो. बादल्या धुऊन उलट्या. हातमोजे उतरवल्यावर हात धुवायचे, ४० ते ६० सेकंद.

तपासणीला डोळे पुरत नाहीत. अतिनील टॉर्चखालीच चमकणारं पेन मिळतं. साफसफाईआधी कॉलबेल, रेलिंग, फ्लश, दाराची मूठ यांवर त्याची ठिपकी काढा आणि नंतर टॉर्च मारून बघा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा कॉलबेलवरची ठिपकी जवळजवळ प्रत्येक खोलीत तशीच होती. आम्ही मावशींना बोल लावला नाही. टॉर्च त्यांच्याच हातात दिला. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच आम्हाला दाखवू लागल्या, “सिस्टर, बघा, गेली.”

एका खोलीला या पद्धतीने आमच्याकडे पाऊण तास लागतो. तो पाऊण तास डिस्चार्जच्या वेळापत्रकात आधीच धरा. नाहीतर खालून फोन येत राहतो आणि मावशी घाई करतात, आणि घाईत पहिली जाते ती दहा ओली मिनिटं. डॉक्टरांनी राउंडमध्ये सकाळी आठलाच डिस्चार्ज सांगितला तर दुपारी एकपर्यंत खोली नीट होते.

गादी पूर्ण वाळली का, हाताने बघा. ओल्या रेक्झिनवर चादर घालू नका. धुतलेली चादर घाला, रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, कोणतं द्रावण आणि कुणी केलं ते लिहा, मावशींची सही, तुमची सही. मग खाली फोन करा, ४ नंबर तयार आहे.